खोलीचं तापमान

डॉ. बांदेले अदेकानबी प्रोफेसर झाले तर त्यांच्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब त्यांच्याइतकाच त्यांच्या गोतावळ्यानेही मांडून ठेवला होता. मोठी जमा म्हणजे पाच वर्षं. इबादानच्या विद्यापीठात प्रोफेसर सत्तराव्या वर्षी घरी जातो, खालचे सगळे पासष्टाव्या. आणि बांदेलेंना येत्या वर्षी पासष्टावं लागत होतं. शिवाय चर्चमध्ये पुढून दुसऱ्या बाकावर जागा, जिथे डोक्यावरचा पंखा खरोखर फिरतो. दारावर पितळी पाटी. बायको अबेनीला महिला मंडळात 'मामा प्रोफ', म्हणजे प्रोफेसरीणबाई, म्हणणार आणि समारंभात वाफवलेल्या डाळीच्या मोइन-मोइनचं ताट आधी तिच्यापुढे येणार. आणि थोरल्या मेहुण्याचं तोंड कायमचं बंद होणार, ही जमा तर कुठल्याच रकान्यात मावणारी नव्हती.

हा मेहुणा मोटारींचे सुटे भाग विकायचा आणि अबेनीचा थोरला भाऊ असल्यामुळे त्याला काहीही बोलायची मुभा होती. प्रोफेसरच्या खालच्या हुद्द्याला रीडर म्हणतात आणि बांदेले कित्येक वर्षं तिथेच बसून होते. लग्न असो, बारसं असो, मयत असो, मेहुणा गर्दीतून आवाज द्यायचा, "काय रीडर, अजून वाचतोच आहेस? केवढं जाडं पुस्तक आहे रे ते!"

एवढ्या जमेपुढे बांदेलेंकडे भांडवल काय होतं? एक पेपर. तसे चाळीसेक पेपर होते, पण ते बहुतेक इथल्याच नियतकालिकांत आलेले. बढतीच्या समितीपुढे इबादानात छापलेला पेपर मोजतात आणि परदेशात छापलेला तोलतात. बांदेलेंचा तोलण्याजोगा पेपर तो एकच, वीसेक वर्षांपूर्वीचा. हिवतापाच्या रोग्याच्या बोटातला रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचा, वाळवायचा, ओल शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करायचा आणि 'खोलीच्या तापमानाला' ठेवायचा. दोन महिन्यांनीही त्यातला जंतू यंत्राला ओळखू येतो, असं त्या पेपराचं म्हणणं होतं. फ्रीज नको, बर्फ नको. जिथे वीज पाहुण्यासारखी येते आणि चहा न घेताच जाते, तिथे ही गोष्ट केवढी मोठी हे सांगायला नको.

दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात तुमच्या पेपराचं नाव घेतलं, की तुमच्या खात्यावर एक दाखला चढतो. बांदेलेंच्या त्या पेपरावर अकराशेच्या वर दाखले चढले होते. अख्ख्या वैद्यक शाखेत कोणाकडे एवढे नव्हते. शेजारीपाजारी सकाळी उठून इंग्लंडातल्या फुटबॉलचे गोल बघत, बांदेले दाखले बघत. चार वाढलेले असले की त्या दिवशी न्याहारीला एक अंडं जास्त. त्या अकराशे लोकांनी नक्की काय लिहिलंय हे मात्र त्यांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं. स्वतःचं कौतुक वाचत बसायला संकोच वाटतो, असं ते म्हणत.

यंदा कुलगुरूंनी बढतीच्या अर्जात एक नवा रकाना घातला. तुमचा सर्वांत महत्त्वाचा पेपर जगात कुठे आणि कसा उपयोगी पडला, ते थोडक्यात लिहा. बांदेलेंनी ते काम आपली संशोधक विद्यार्थिनी अबिदेमी हिच्याकडे दिलं. ही ओग्बोमोशोकडची मुलगी, तिशी ओलांडलेली, कामाला वाघ, बोलण्यात साखर कमी. तिच्या पीएचडीचं गाडं मात्र रुतलं होतं. खेड्याखेड्यांतून रक्ताचे थेंब गोळा करून तिने सरांच्याच पद्धतीने विभागाच्या कोठीत ठेवले आणि ते खराब झाले. पुन्हा गोळा केले, पुन्हा गेले. बांदेलेंनी तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पद्धत जगाने घेतली, अबिदेमी. तुझेच हात तेवढे घेत नाहीत." तेव्हापासून प्रयोगशाळेत कोणी चहा सांडला, काचेची नळी फोडली, की बाकीचे विचारत, "आज अबिदेमीचे हात लावून आलास काय रे?"

आठवड्याभराने ती दाखल्यांचा गठ्ठा घेऊन आली.

"वाचले सर. सगळे नाही, पण पुरेसे."

"मग? कुठे कुठे वापरतात आपली पद्धत?"

"वापरून पाहिली सगळीकडे." बस म्हणण्याची वाट न बघता तिने खुर्ची ओढली. "बँकॉकचे लोक म्हणतात, अदेकानबी यांच्या निष्कर्षाच्या उलट आमचे नमुने तिसऱ्या आठवड्यात निकामी झाले. किसुमूचे म्हणतात, अदेकानबी यांचा दावा आम्हाला पडताळता आला नाही. ब्राझीलचे लोक सभ्य आहेत. ते म्हणतात, अदेकानबी यांना हे निकाल कसे मिळाले हे जाणून घेणं रंजक ठरेल."

"रंजक म्हणजे चांगलंच की."

"नाही सर. शास्त्रात रंजक म्हणजे वाईट."

बांदेलेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "आणि बाकीचे?"

"बाकीचे या तिघांकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, हे तिघंही तेच म्हणतात. अक्राच्या एका माणसाने तोंडभर कौतुक केलंय. पण त्याने पद्धत वापरलेली नाही, नुसता पेपर वाचलाय."

"म्हणजे शिव्यासुद्धा मोजतात?"

"यंत्राला शिवी कळत नाही सर. नाव तेवढं कळतं."

बांदेले खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर माळी गवत कापत होता आणि कापलेलं गवत वारा पुन्हा तिथेच आणून टाकत होता. यंत्राला शिवी कळत नाही, तशी ती समितीलाही कळत नाही, हा विचार त्यांच्या मनात आला आणि ऐसपैस बसला. समितीतले लोक आकडा बघतात. आकडा अकराशेचा होता, आणि आकड्यात काही खोटं नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "या पद्धतीने जगभरातील संशोधकांमध्ये व्यापक चर्चेला चालना दिली."

अबिदेमीने लिहून घेतलं.

"खोटं नाहीये त्यात काही."

"नाही सर. आग लागली की गर्दीलाही चालना मिळतेच." तिने टोपण लावलं. "एक विचारू? तुमचे नमुने कुठे ठेवले होते?"

"कोठीत. फळीवर."

"कुठल्या फळीवर?"

"अगं, वीस वर्षं झाली त्याला!"

"माझेही कोठीतच होते. बुरशी आली."

"मग हात," बांदेले म्हणाले. पण या वेळी ते तिच्याकडे बघून बोलले नाहीत.

ती उठली आणि दारात थांबली. "जूनमध्ये माझी मुदत संपते सर. माझे नमुने का गेले, त्याचं कारण तुम्ही पीएचडीच्या मंडळाला लिहून द्यायचं आहे. पद्धतीमुळे की माझ्यामुळे. माझ्यामुळे गेले असं लिहिलंत, तर माझं नाव पटावरून कमी होईल. फक्त आठवण करून दिली."

बढतीचा अर्ज टाकण्याआधी थोरामोठ्यांना भेटून यायचं असतं. बांदेले रविवारी चर्चनंतर यामचे कंद आणि मॉल्टच्या बाटल्यांचं खोकं घेऊन प्रोफेसर लाडोकुन यांच्या घरी गेले. लाडोकुन त्या काळचे विभागप्रमुख, आता ऐंशी उलटलेले. बोदिजा वस्तीत मोठं घर, व्हरांड्यात वेताची खुर्ची, खुर्चीत ते. बांदेलेंनी रीतीप्रमाणे जमिनीला छाती टेकवून नमस्कार घातला. चौसष्टाव्या वर्षी हा नमस्कार घालायला वेळ लागत नाही, उठायला लागतो, आणि 'ऊठ' म्हणायची घाई लाडोकुननी आयुष्यात कधी केली नव्हती.

"ऊठ, ऊठ. पोट आडवं येतंय तुझं. अर्ज टाकतोस म्हणे?"

"तुमचा आशीर्वाद असेल तर, प्रोफ."

"तुझ्या त्या पेपरावर माझंही नाव आहे, लक्षात आहे ना?"

"कसं विसरेन, प्रोफ."

"लोकही विसरले नाहीत. मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? स्टाफ क्लबात माझ्या पाठीमागे म्हणायचे, कुत्र्याला गोचीड आणि पेपराला लाडोकुन." म्हातारा हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "म्हणे काही न करता नाव चिकटवलं! काही न करता? मग वास कोणी सोसला? दोन महिने तुझी खोकी माझ्या खोलीत होती!"

बाटलीचं झाकण काढता काढता बांदेलेंचा हात थांबला. "कसली खोकी, प्रोफ?"

"रक्ताची! कोठीत मुंग्यांनी तुझे कागद खाल्ले, तेव्हा माझ्या गालिच्यावर असाच पालथा पडला होतास. म्हणे, प्रोफ, तुमच्या कपाटावर जागा द्या. मी जागा दिली, तू नाव दिलंस. सरळ व्यवहार. मुंग्यांना माझी खोली मानवायची नाही. माणसांनाही मानवायची नाही. मला भेटायला येणारे स्वेटर घालून यायचे, आठवतं का?"

बांदेलेंना आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरले कधीच नव्हते. इतकी वर्षं आठवायची गरज पडली नव्हती, एवढंच. लाडोकुनांच्या खोलीतला तो गुरगुरणारा एसी, काचेवर धरलेलं दव, शिपायाचं वाहतं नाक.

"पण वीज जायची तेव्हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"जगाची जायची. माझ्या खोलीला वेगळा जनरेटर होता. डिझेल विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेच्या फीतून. भुवया कशाला चढवतोस? विभागप्रमुखाचं डोकं थंड राहिलं, तर भलं विभागाचंच ना?"

घरी परतताना बांदेलेंनी गाडी दोनदा चुकीच्या वळणाला घातली. पेपरात त्यांनी 'खोलीच्या तापमानाला' लिहिलं होतं. सगळेच लिहितात. खोटं नव्हतं ते. खोली होती आणि तिला तापमानही होतं. फक्त खोली कोणाची, हे लिहायचं राहून गेलं होतं. आणि बँकॉक, किसुमू, ब्राझील इथले लोक आपापल्या घामट कोठ्यांमध्ये लाडोकुनांची खोली शोधत बसले होते.

अबेनी एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरातही घंटेवर चालायची. तिने यामच्या पिठाचा अमाला वाढला, वर एवेडूची पातळ पालेभाजी ओतली, आणि नवरा घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवतोय हे तिसऱ्यांदा पाहिल्यावर म्हणाली, "अहो डोलापोचे बाबा, जेवताय की मोजताय?"

त्यांनी सांगितलं. सगळं.

"म्हणजे पेपर खोटा?"

"खोटा नाही. थंड आहे."

"मग थंडच राहू द्या की जानेवारीत बढती हातात पडेपर्यंत." अबेनीला उत्तर शोधावं लागलं नाही. "एकदा प्रोफेसर झालात, की काय दुरुस्त्या छापायच्या त्या छापा. प्रोफेसरने चूक कबूल केली तर लोक मनाचा मोठेपणा म्हणतात. रीडरने केली तर चूक म्हणतात."

"त्या मुलीची मुदत जूनला संपते."

"कुठल्या?"

"अबिदेमी. तिचे नमुने गेले ते पद्धतीमुळे. मी तसं लिहून दिलं, तर पद्धत गेली आणि पेपर गेला. नाही लिहिलं, तर ती गेली."

अबेनीने स्वतःचं ताट पुढे ओढलं. बसायच्या खोलीत, सोफ्यामागे, कापडाचे गठ्ठे रचलेले होते. गडद निळ्यावर लिंबू रंगाची नक्षी. नवा प्रोफेसर पहिलं जाहीर व्याख्यान देतो तेव्हा सगळा गोतावळा एकाच कापडाचे कपडे घालून येतो, आशो-एबी. आणि चांगलं कापड बाजारात थांबत नाही म्हणून अबेनीने ते आधीच उचललं होतं.

"तिला मुदत वाढवून द्या," ती म्हणाली. "दुसरा विषय द्या. दोन पेपरांवर तिचं नाव टाका. तुम्ही लोक एकमेकांना नावंच तर देत असता." आणि उठता उठता म्हणाली, "कापड परत घेत नाहीत. तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

बायकोचा सल्ला बांदेलेंना पटला. पटण्यासारखाच होता, कोणाचंच नुकसान नाही, थोडा उशीर फक्त. सोमवारी त्यांनी अबिदेमीला बोलावून खोली कोणाची होती ते सांगितलं, आणि लगोलग पुढचंही सांगितलं. वर्षभर मुदतवाढ, नवा विषय, येणाऱ्या दोन पेपरांवर नाव, एकावर तर पहिलं नाव.

अबिदेमीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मुदतवाढीचं कारण काय लिहिणार सर?"

"लिहीन काहीतरी. नमुने हाताळताना झालेलं नुकसान, असं काहीतरी. सौम्य शब्दांत."

"म्हणजे हात."

"अगं, शब्दच तर आहे! एकदा जानेवारी जाऊ दे, मग मी स्वतः..."

"सर," ती म्हणाली, "मला तुमच्या पेपरावर नाव नको. माझ्या हातांना तुम्ही जे नाव दिलंत, तेवढं काढून घ्या."

ती गेल्यावर बांदेले चिडले. आजकालच्या मुलांना दिलेलं घेता येत नाही, असं त्यांनी रिकाम्या खुर्चीला सांगितलं. मंडळाचा कागद समोर ओढला आणि सुवाच्य अक्षरात सुरुवात केली: 'उमेदवाराने नमुने हाताळताना आवश्यक ती'. पुढचा शब्द 'काळजी' होता. तो काही अवघड शब्द नव्हता.

तेवढ्यात बाहेरच्या प्रयोगशाळेत काहीतरी खळ्ळकन फुटलं. लगेच कोणीतरी ओरडलं, "अबिदेमीचे हात!" हशा पिकला. त्या हशात एक आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा होता. अबिदेमी स्वतः हसत होती. फुटलं होतं दुसऱ्याच्या हातून, आणि ती म्हणत होती, "आणा रे झाडू, माझेच हात आहेत म्हणजे मलाच झाडायला हवं."

बांदेलेंनी पुढचा शब्द लिहिला नाही. दार उघडून सगळ्यांना झापावं असं त्यांना वाटलं, पण कोणत्या तोंडाने? तो विनोद त्यांचाच होता. मुलांनी नुसता वापरात ठेवला होता. त्यांच्या सगळ्या कामात हाच एक शोध असा होता, जो प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला रोजच्या रोज पडताळता आला होता.

त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. 'नमुने खराब होण्याचे कारण पद्धतीतील त्रुटी. मूळ प्रयोगात नमुने अतिशय थंड, वातानुकूलित खोलीत ठेवलेले होते. पेपरात तसा उल्लेख करायचा राहून गेला. उमेदवाराच्या कामात दोष नाही.' सही केली. सही केल्यावर दुसरी गोष्ट आपोआप आली. मंडळाला असं लिहून दिल्यावर ज्या नियतकालिकात पेपर छापला होता त्यांनाही कळवणं भाग होतं. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं: दुरुस्ती छापू, सर्व लेखकांच्या सह्या पाठवा. लेखक दोनच होते.

या खेपेला यामचे कंद जास्त नेले. म्हाताऱ्याच्या अहंकाराला केवढे पुरतील याचा अंदाज नव्हता. नमस्कार झाला, उठणं झालं, आणि बांदेलेंनी चाचरत चाचरत कागद पुढे केला.

लाडोकुननी चष्मा नाकाच्या टोकावर ओढला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे निकाल आला तो कशामुळे?"

"थंडीमुळे, प्रोफ."

"कुठल्या थंडीमुळे?"

"तुमच्या खोलीतल्या."

"पुन्हा सांग."

"तुमची खोली नसती, प्रोफ, तर तो निकाल आलाच नसता."

म्हातारा खुर्चीत एवढ्या जोरात मागे रेलला की वेत करकरला. "अगं ए!" त्याने आत सुनेला हाक मारली. "बाहेर ये, बाहेर ये! ऐक हा काय म्हणतोय! पेपरातलं सगळं काम मी केलं, हा नुसता लेखनिक होता!"

"तसं नाही, प्रोफ, म्हणजे..."

"तसंच आहे! कुत्र्याला गोचीड काय? इथे गोचीडच कुत्र्याला पोसत होती!" हसता हसता त्याला खोकला आला, सुनेने पाणी दिलं, पाणी पिऊन तो पुन्हा हसला. "मग माझं नाव पहिलं का नाही घातलंस रे?"

"तेव्हा कळलं नाही, प्रोफ."

"लेखनिकांना कळत नाहीच. कुठे करू सही? आणि हे बघ, नुसतं वातानुकूलित खोली नको. प्रोफेसर एमेरिटस जोसाया लाडोकुन यांची वातानुकूलित खोली, असं पूर्ण घाल. स्टाफ क्लबातले अजून चौघं जिवंत आहेत. मला प्रत्येकाला एकेक प्रत पाठवायची आहे."

नियतकालिकाने पूर्ण नाव घातलं नाही. 'दुसऱ्या लेखकाच्या वातानुकूलित कार्यालयात' एवढंच छापलं. लाडोकुननी तेवढ्यावर भागवलं. दुरुस्तीला चौकट करून ती व्हरांड्यात टांगली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

समितीची बैठक पावसाळा सरता सरता झाली. डीन आदल्या वर्षीपर्यंत पाहुण्यांना बांदेलेंच्या दाखल्यांचा आकडा सांगत हिंडायचे. त्यांनी या खेपेला नियम सांगितला. ज्या पेपरावर दुरुस्ती निघाली, त्याचा निवाडा होईपर्यंत तो वजनात धरायचा नाही. उरलेले पेपर मोजले. मोजून झाल्यावर तोलायला काही उरलं नाही. "आमचा नाइलाज आहे, अदेकानबी," डीन म्हणाले. "वैयक्तिक आदर आहेच."

"पुढच्या वर्षी?" बांदेलेंनी विचारलं.

डीननी कॅलेंडरकडे पाहिलं. पुढच्या वर्षी बांदेले पासष्टाचे होणार, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी अबेनी ओरडली नाही. तिने गठ्ठ्यांवर एक जुनी चादर घातली आणि त्या आठवड्यात एवेडूत मीठ जरा जास्त पडलं. मेहुण्याने मात्र फोन केला. "काय रीडर, ऐकलं ते खरं? पुस्तक संपवायच्या आधीच ग्रंथालय बंद होणार?" बांदेलेंना त्यावर उत्तर सुचलं, पण ते फोन ठेवल्यावर सुचलं.

अबिदेमीला मुदतवाढ मिळाली. तिने विषय बदलला नाही, प्रश्न उलटा केला. आपले कुजलेले नमुने, कोठीतली दमट फळी, वीज गेल्यावर चढणारा उकाडा, हे सगळं तिने मोजून काढलं आणि कुठवर थेंब टिकतो, कधी मरतो, ते लिहिलं. दोनदा फेकून द्यायला निघालेले नमुने प्रबंधाचा कणा झाले. बँकॉकच्या लोकांनी तिला पत्र लिहिलं. ब्राझीलच्या लोकांनीही लिहिलं, आणि या वेळी रंजक हा शब्द वापरला नाही.

ती डॉक्टर झाली त्या शनिवारी तिच्या घरच्यांनी मांडव घातला. आदल्या दिवशी अबेनी गाडीत गठ्ठे घालून त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "निळा रंग तुम्हाला चालतो ना? नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. आता हे मी परत घरी नेणार नाही." मांडवात मग सगळे एकाच कापडात होते. अबिदेमी, तिची आई, मावशा, अबेनी, बांदेले, आणि मॉल्ट पिणारा मेहुणाही. तो बांदेलेंच्या कानाशी लागला. "तुझ्या समारंभाला मी येणार होतोच. पण पोरीच्या समारंभाला आलो, म्हणून काय फुकटचं जेवण कमी चवीचं लागतं?"

तेवढ्यात कोणाच्या तरी हातून रस्सा सांडला आणि जुन्या सवयीने कोणीतरी तोंड उघडलं. बांदेलेंनी नुसतं वळून पाहिलं. तोंड मिटलं.

अर्जाची भानगड मिटल्यावर हिशेब मांडला, तर तो असा निघतो. दाखले अजून वाढताहेत. पेपराला धरून आता दुरुस्तीचेही दाखले चढतात, आणि यंत्राला अजूनही काही कळत नाही. लाडोकुन आपलं वसूल करून बसले आहेत. अबिदेमीची दोन वर्षं गेली, ती तिने व्याजासह काढून घेतली. अबेनीचं कापड गेलं, पण अंगावर चढून गेलं. बांदेलेंची पाच वर्षं गेली, ती कोणी परत देत नाही, आणि चर्चमध्ये ते अजून मागच्या बाकावर बसतात, जिथे पंखा नुसता टांगलेला आहे. आणि त्या दोन महिन्यांच्या गारव्याचं डिझेल ज्यांच्या फीतून आलं, त्या विद्यार्थ्यांपैकी एकाचंही नाव ना पेपरात होतं, ना दुरुस्तीत.